विजेवाचून गिटार

1978 साली मी पुण्यातून नवीकोरी इलेक्ट्रिक गिटार घेतली, तेव्हा वेल्हे तालुक्यातल्या (आता त्याला राजगड तालुका म्हणायचं) आमच्या वाडीत वीज पोचलेली नव्हती. दुकानदाराने विचारलं नाही आणि मला सुचलं नाही! दोन महिन्यांचा पगार मोजून मी एसटीने घरी आलो. वडिलांनी पेटी उघडून एक तार छेडली. डास गुणगुणावा एवढा आवाज आला.

‘‘एवढ्या पैशात बैल आला असता,’’ ते म्हणाले, ‘‘आणि त्याला वीज लागत नाही.’’

वास्तविक गिटारीचा दोष नव्हता. साध्या गिटारीचं पोट पोकळ, त्यात सूर घुमतो. हिचं अंग भरीव. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांत किंचित वीज उमटते. अॅम्प्लिफायर तिचा मोठा आवाज करतो. अमेरिकेत 1932 च्या सुमारास या जातीची गिटार बाजारात आली, तिला लोक चक्क ‘तवा’ म्हणत. आमच्यापर्यंत हे वाद्य सिनेमातून आलं. 1971 साली ‘दम मारो दम’च्या सुरुवातीला भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली आणि माझ्यासारख्या अनेकांची डोकी फिरली.

वाजवायला मी भोरला मामांकडे जाई. तिथे वीज होती. जवळच्या भाटघर धरणावर 1977 साली 16 मेगावॅटचं वीजघर सुरू झालं होतं. त्यातली एका गिटारीपुरती वीजही आमच्या वाडीच्या वाट्याला येऊ नये! तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, ‘‘बाळ, म्हैस पान्हा चोरतेय रे.’’ माझी संगीतसाधना तिथेच संपली. पुढे लग्न, बदल्या. गिटार माळ्यावर गेली.

गेल्या वर्षी घराचे वासे बदलताना पेटी खाली आली. वेल्ह्याचा पाऊस मला ठाऊक. आत गंज आणि भुसा असणार, अशी खात्रीच होती. उघडली, तर वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली गिटार, भोवती कडुनिंबाचा वाळका पाला, आणि साऱ्या तारा सैल सोडलेल्या.

‘‘मामंजींनीच ठेवलीय ती, भावजी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘दर खंडेनवमीला पखवाजाशेजारी ठेवून पूजा करायचे. म्हणायचे, ताण ठेवला तर मान वाकेल तिची.’’

भजनात जन्मभर पखवाज वाजवलेला माणूस. गिटारीबद्दल पुन्हा चकार शब्द बोलला नाही. मी मात्र इतकी वर्षं बैलच लक्षात ठेवला होता.

नातवाने उत्साहाने अॅम्प्लिफायर आणला. तारा पिळल्या, बटण दाबलं, आणि लाईट गेली.

अंधारात मी एक तार छेडली. डासाएवढाच आवाज आला. पण घरात सगळे गप्प होते, त्यामुळे तो नीट ऐकू आला.