सुरतेतलं डच थडगं आणि आपली तीन माणसं

सुरत म्हटली की मराठी माणसाला आठवते ती लूट. १६६४ आणि १६७० ही दोन सालं शाळेतच पाठ झालेली असतात. त्यामुळे मी सुरतेला चित्रं काढायला निघालोय म्हटल्यावर मित्रमंडळींनी करायचे ते सगळे विनोद करून घेतले. खरं तर जायचं होतं कच्छच्या रणात. हिवाळ्यात मिठाचं मैदान कोरडं पडतं, तिथे उघड्यावर बसून निसर्गचित्रं काढण्याचं शिबिर होतं, आणि त्याआधीचे दोन दिवस सरावासाठी सुरतेत ठेवले होते. सरावाची जागा मात्र अजब. कतारगाम दरवाजाकडची इंग्रज आणि डच लोकांची जुनी दफनभूमी!

थडग्यांत बसून वाळवंटाचा कसला सराव, हे आधी कळेना. शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं साधं होतं. रणात सगळं पांढरं. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागद कोरा सोडतात आणि भोवतीच्या सावल्या रंगवून त्याला उजेड आणतात. चुन्याच्या गिलाव्याचे घुमट आणि वर दुपारचं ऊन, यावर एकदा हात बसला की रणात गेल्यावर कागद बघून घाबरायला होत नाही. दुसरी अट त्याहून कठीण होती. पेटीतला हिरवा रंग काढून ठेवायचा. आम्हा गोव्याच्या माणसांची पंचाईत झाली ती इथे. आमच्या कागदावर पहिला ब्रश टेकतो तोच माडाच्या झावळीसाठी.

इंग्रजांच्या बाजूला डोळ्यांत भरते ती ऑक्झिंडन बंधूंची समाधी. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ साली वारला, सर जॉर्ज १६६९ साली. शिवाजी महाराज पहिल्यांदा सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवत बसलेला प्रमुख तो हाच. सगळे त्याच्याभोवती खुर्च्या टाकून बसले, म्हणून मी डचांकडे गेलो. तिथली मोठी समाधी म्हणजे थडगं कसलं, लहानसा महालच. दुहेरी घुमट, खाली-वर सज्जे, खांबांची रांग. आत एकेकाळी भित्तिचित्रं होती, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होतं, असं जुन्या वर्णनांत वाचायला मिळतं. त्यातलं आता काही नाही. इंग्रजांवर ताण करायला डचांनी हा थाट केला असं सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. वखारवाल्यांची चढाओढ मेल्यावरही संपली नाही म्हणायची.

आत झोपला आहे तो हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीडे. १६७० ते १६७७ या काळात तो डचांच्या मलबारचा कमांडर होता, मुक्काम कोचीनला. पुढे कंपनीच्या नोकरांचा भ्रष्टाचार शोधून काढायला त्याला वरिष्ठ अधिकारी म्हणून पुन्हा पूर्वेकडे पाठवलं, आणि त्याच कामासाठी सुरतेकडे येताना डिसेंबर १६९१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, जहाजावरच त्याने प्राण सोडला. एवढ्यावर तो माझ्या लेखाचा विषय झाला नसता. पण ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ याच माणसाने घडवून आणला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. सातशेहून जास्त वनस्पती, प्रत्येकीचं वर्णन, उपयोग आणि मोठ्या पानभर चित्रं. पहिला मान नारळाला. फणस आहे, आंबा आहे, पोर्तुगीजांनी आणलेला काजूसुद्धा आहे. मलबारच्या रानात एकेका झाडावर दहा-बारा तऱ्हांची पानं-फुलं-फळं लगडलेली बघून तो थक्क झाला होता. वेलींनी आणि बांडगुळांनी लपेटलेली झाडं आपणही सत्तरीत बघतो, थक्क मात्र होत नाही.

चित्रांचं कामही पहिल्या फटक्यात जमलं नाही. मॅथ्यू नावाच्या कार्मेलाइट पाद्र्याने केलेली आधीची रेखाटनं जाणकारांना पसंत पडली नाहीत, म्हणून योजना नव्याने आखली गेली. माणसं रानात जाऊन पाना-फुला-फळांसह फांद्या आणत आणि चित्रकार त्या समोर ठेवून काढत. छपाई तांब्याच्या पत्र्यांवरून झाली, नुसत्या काळ्या रेघांत. म्हणजे हिरवा रंग तिथेही नाहीच!

आता आपल्या माणसांकडे येतो. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनमधले तीन कोकणी ब्राह्मण. पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे सोळाव्या शतकात गोवा सोडून दक्षिणेला उतरलेल्या सारस्वतांच्या समाजातले. वनस्पतींची नावं आणि गुणधर्म त्यांनी निघंटूवरून, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशावरून, जुळवून दिले. या कामी दोन वर्षं घातल्याचं त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे. मलबारच्या झाडपाल्याची मोठी माहिती दिली ती इट्टी अच्युतन या वैद्याने. ती मल्याळममधून आधी पोर्तुगीजमध्ये आणि तिथून लॅटिनमध्ये गेली. ज्यांच्यापायी या मंडळींच्या पूर्वजांनी घरदार सोडलं, त्यांचीच भाषा मधला पूल म्हणून वापरात होती.

अच्युतन वैद्याला केरळने आता मान दिला आहे. आपल्या तिघांचं नाव मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही. गोव्यात हल्ली त्यांचा उल्लेख होतो तो बहुतेक भाषावादात पुरावा म्हणून. तो वाद ज्याचा त्याने घालावा. मला त्यांचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढे लिनियसने भारतातल्या कितीतरी वनस्पती ठरवताना याच ग्रंथाचा आधार घेतला. ग्रंथ लॅटिनमध्ये असल्यामुळे आपल्याला तीनशे वर्षं बंदच राहिला. के. एस. मणिलाल यांचा इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठाने २००३ साली काढला, तेव्हा कुठे तो सामान्य वाचकाच्या हाती आला.

पहिल्या खंडात या तिघांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र आहे, कोकणीत, नागरी लिपीत. चित्रांवरही झाडांची नावं मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीत कोरलेली आहेत. पत्रा कोरणाऱ्या त्या डच कारागिराला नागरी वाचता येत असण्याचा प्रश्नच नव्हता. पानाच्या शिरा उतरवाव्यात तशी त्याने ती अक्षरं, काने-मात्रे-वेलांट्यांसकट, समोर बघून उतरवली असणार.