बाबासाहेब निवडणूक हरले तेव्हा

आपल्या शहरातल्या नागसेनवनातलं मिलिंद कॉलेज तुम्हाला माहीत आहेच. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. कॉलेज उभं करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा देशाचे कायदामंत्री होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्यांनी राजीनामा दिला. कारणं अनेक होती. त्यातलं मोठं कारण आपलं, बायकांचं होतं. वारसाहक्क आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल संसदेत अडवून ठेवलं होतं.

लगेच पहिली लोकसभा निवडणूक आली. बाबासाहेब शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतल्या राखीव जागेवर उभे राहिले. त्या मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे होते, म्हणून प्रत्येकाला दोन मतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. अक्षर न येणाऱ्या बाईलाही आपला माणूस ओळखता यावा म्हणून. जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा घडवला, ते साडेचौदा हजार मतांनी हरले.

मग त्यांनी काय केलं? निकालावर आक्षेप होता, तो त्यांनी कायद्याच्या वाटेनं मांडला; अशोक मेहतांसोबत निवडणूक याचिका दाखल केली. त्याच वर्षी मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तिथंही हरले. तरी राज्यसभेत बोलत राहिले. हिंदू कोड बिलाचे तुकडे होऊन १९५५-५६ मध्ये कायदे झाले. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीचा वाटा मान्य केला, तेव्हा बाबासाहेब हयात होते.

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी ग्रामपंचायतीला उभ्या राहतात. पडल्या की लोक काय म्हणतील म्हणून ग्रामसभेकडे फिरकत नाहीत. बायांनो, पडलात म्हणजे फक्त सदस्यपद गेलं. ग्रामसभेत बोलायचा हक्क मतदार म्हणून आहेच, आणि ग्रामसभेआधी महिलासभा घ्यावी असं कायदाच सांगतो. पाण्याचा, रस्त्याचा, रेशनचा प्रश्न तिथं मांडा आणि तो नोंदवहीत लिहून घ्यायला लावा.