शालेय संगणक शिक्षणाची पहिली पावले

आज दहावीच्या विद्यार्थ्याला संगणक म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु आपल्या शाळांत या विद्येचा प्रवेश कधी व कोणत्या मार्गाने झाला, हे फारसे कोणाच्या स्मरणात उरलेले नाही. तो इतिहास मनोरंजक आहे, आणि काहीसा बोचणाराही.

त्याचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. सामान्य माणसाला संगणक साक्षर करावे, असा संकल्प बीबीसीने सोडला. दूरचित्रवाणी मालिकेच्या जोडीला शिकण्यासाठी एक यंत्रही हवे होते. ते काम केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीला मिळाले. स्टीव्ह फर्बर व सोफी विल्सन हे त्या यंत्राचे प्रमुख रचनाकार. 1 डिसेंबर 1981 रोजी 'बीबीसी मायक्रो' जाहीर झाला. त्याच्या मोठ्या प्रकारातही स्मृती अवघी 32 किलोबाइट; आज भ्रमणध्वनीवरून पाठविले जाणारे साधे छायाचित्रही तीत मावले नसते. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणुकीसाठी गाण्यांची असते तशी कॅसेट. मात्र या यंत्राचा एक गुण मोलाचा होता. ते सुरू केले की पडद्यावर एक चिन्ह लुकलुकत राही आणि ते आज्ञेची वाट पाहत बसे. बेसिक भाषेत दोन ओळी लिहिल्याखेरीज ते काही करीत नसे. त्यामुळे मुलांना विचार करणे भागच पडे. ब्रिटिश सरकारने शाळांना खरेदीत निम्मे अनुदान दिले आणि बहुसंख्य शाळांत हे यंत्र पोहोचले.

हेच यंत्र आपल्याकडे आले. 1984-85 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने व शिक्षण मंत्रालयाने 'क्लास', म्हणजे 'कम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स', हा प्रकल्प माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी हाती घेतला. प्रारंभी सुमारे 250 शाळा निवडण्यात आल्या. सरकारी नोंदीप्रमाणे पुढे एकूण 12,000 यंत्रे राज्य सरकारांमार्फत वाटली गेली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची 'युनिकॉर्न' नावाची भारतीय आवृत्तीही काढली. त्या काळी बँकांतही संगणक दुर्मीळ होते आणि कामगार संघटना त्याला विरोध करीत होत्या. अशा दिवसांत शाळेतील मुलांपुढे तो ठेवण्याचे धाडस सरकारने केले, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

मग घोडे अडले कोठे? आमच्या व्यवसायातील उदाहरण देतो. इचलकरंजीत नवा यंत्रमाग बसविला, तर त्याच्याबरोबर जाणता जॉबर लागतोच. तो नसेल तर माग कितीही उत्तम असो, कापड निघत नाही. शाळांना माग मिळाले, जॉबर मिळाले नाहीत. शिक्षकांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण मिळे आणि पुढे त्यांची बदली होई. सोबतचे बरेच शैक्षणिक कार्यक्रम ब्रिटनहून आलेले व इंग्रजीतील होते. शिवाय हा विषय केवळ परिचयापुरता. ज्याला परीक्षेत गुण नाहीत, त्या तासाचे आमच्याकडे काय होते, हे पालकांना वेगळे सांगायला नको!

तिकडे त्याच एकॉर्नमध्ये, त्याच दोन रचनाकारांच्या हातून, नवा प्रक्रियक तयार झाला. 26 एप्रिल 1985 रोजी तो प्रथम चालला. 'आर्म' हे त्याचे नाव. आज आपल्या खिशातील भ्रमणध्वनी त्याच घराण्याच्या प्रक्रियकावर चालतो. ज्या वर्षी आपण त्यांचे यंत्र शाळेत मांडीत होतो, त्याच वर्षी ते पुढच्या यंत्राचा पाया घालीत होते.

अर्थात इंग्लंडचीही वाट पुढे चुकलीच. तेथील शाळांत संगणक म्हणजे पत्र टंकणे व तक्ते भरणे एवढेच उरले. जानेवारी 2012 मध्ये रॉयल सोसायटीने आपल्या अहवालात या स्थितीवर कठोर टीका केली आणि सप्टेंबर 2014 पासून तेथे प्राथमिक इयत्तांपासूनच आज्ञावली लिहिण्याचा समावेश असलेला नवा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्याकडे आठव्या पंचवार्षिक योजनेत 'क्लास'ला केंद्रपुरस्कृत योजनेचे रूप मिळाले आणि डिसेंबर 2004 मध्ये शाळांसाठी नवी योजना आली. केरळने मात्र 2001 च्या सुमारास 'आयटी अ‍ॅट स्कूल' हाती घेऊन आधी शिक्षक तयार केले व मुक्त प्रणाली स्वीकारल्या. महाराष्ट्रात 2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएससीआयटीने गावोगावी पुष्कळ काम केले. पण तेही प्रामुख्याने यंत्र वापरण्याचे शिक्षण, आणि तेही शाळेबाहेर.

एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्या गावातील एका शाळेत असा संगणक आला, तेव्हा धुळीपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून आवरणासाठी आमच्या दुकानातून चार मीटर मांजरपाट गेले. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे माझा मुलगा त्याच शाळेत गेला. चपला बाहेर काढून मुले रांगेने आत जात, यंत्राकडे पाहत आणि तशीच बाहेर येत. "बोट लावायचे नाही," असे गुरुजींनी बजावल्याचे त्याने घरी येऊन सांगितले. गुरुजींना तरी दोष कसा द्यावा? त्यांनाही ते कोणी धड शिकविले नव्हते. काही वर्षांनी ते यंत्र भंगारात निघाले. आवरण मात्र कोऱ्यासारखे होते. शिपाई ते घडी घालून परत द्यायला दुकानात आला होता.