विगमधले केस कुणाचे?

नानी केस विंचरून झाली की फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळायची. त्याची छोटीशी गोळी करून परसातल्या डाळिंबाच्या झाडाखाली मातीत पुरायची. आमच्या गल्लीत दोन-तीन महिन्यांनी 'केसावर भांडी' असं ओरडत एक बाई यायची. शेजारणी पिशवीत साठवलेले केस तिला द्यायच्या आणि बदल्यात स्टीलची वाटी, एखादा डबा घ्यायच्या. नानीनं कधी दिले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "बेटा, बदन का हिस्सा है. बर्तन पर नै बेचते."

तेव्हा मला तो जुन्या बाईचा हट्ट वाटला होता.

गेल्या पावसाळ्यात आपाची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, केमोथेरपी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात केस उशीवर दिसू लागले आणि महिनाभरात डोकं पूर्ण मोकळं झालं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. दुल्हाभाईंनी मुंबईहून एक विग आणला. खऱ्या केसांचा, खांद्यापर्यंतचा, काळाभोर. आपानं तो बराच वेळ हातात धरून ठेवला. मग दोन प्रश्न विचारले. पहिला : "हे कुणाचे असतील रे?" दुसरा : "आणि आपल्यात हे चालतं का?"

दुसऱ्या प्रश्नावर घरात लगेच चर्चा सुरू झाली. पहिल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मी दुसऱ्याचं उत्तर शोधायला बसलो आणि पुस्तकांनी मला फिरवून फिरवून पहिल्याच प्रश्नाशी आणून उभं केलं.

मेण, पीठ आणि लिखा

विगचा इतिहास फार जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या थिब्समधून आलेला एक विग आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, माणसाच्या खऱ्या केसांचा. वर कुरळ्या बटा, खाली बारीक वेण्या. या बटा जागच्या हलू नयेत म्हणून केसांना मेण आणि राळ लावलेली आहे. फिरऔनच्या मुलखातल्या कारागिराला जी अडचण होती, तीच आजही आहे. डोक्यावरून उतरलेल्या केसाला मुळातून तेल मिळत नाही. तो कोरडा पडतो, गुंततो आणि दिलेला आकार सोडतो. त्याची राखण बाहेरून करावी लागते.

युरोपात विगला खरा बहर आला तो सतराव्या शतकात. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचे केस लवकर गेले, त्यानं विग घातला. दरबारानं राजाचं अनुकरण केलं. त्याच्या मुलाच्या, चौदाव्या लुईच्या काळात विग ही प्रतिष्ठेची खूण झाली. पुढे इंग्लंडमध्येही ही लाट आली. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पेपिस याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १६६४च्या जुलैमध्ये तो विगमधल्या लिखा काढून घ्यायला न्हाव्याकडे गेल्याचं लिहितो. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं. तेव्हा त्याला वेगळीच काळजी पडली : साथ संपल्यावर विगच्या फॅशनचं काय होणार? केस प्लेगनं मेलेल्यांच्या डोक्यावरून कापलेले असतील, या धास्तीनं लोक ते विकत घेणार नाहीत.

पेपिसला 'हे केस कुणाचे' हा प्रश्न पडला तो असा, स्वतःच्या जिवाच्या भीतीनं. ज्या माणसाचे ते केस, त्याच्याबद्दल मनात काही आल्याचं दिसत नाही.

विग तयार करण्याची आणि सांभाळण्याची विद्या तोवर मोठा धंदा झाली होती. फ्रान्सच्या गार्सो नावाच्या लेखकानं १७६७ साली या कसबावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्या काळची पद्धत ऐकून आज नवल वाटतं. केसांच्या बटा छोट्या नळकांड्यांवर घट्ट गुंडाळायच्या, पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या. मग राय या धान्याच्या पिठाच्या कणकेत बंद करून ते सगळं बेकरीच्या भट्टीत भाजायला द्यायचं. एवढं केल्यावर कुरळेपणा टिकायचा. त्यावर सुगंधी चरबीचा लेप आणि लेपावर पांढरी पावडर.

ही पावडर पिठाच्या सत्त्वाची असायची, पुष्कळदा गव्हाच्या. म्हणजे गरिबाच्या भाकरीतलाच वाटा श्रीमंताच्या डोक्यावर. १७९५ साली इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई झाली, पावाचे भाव कडाडले. त्याच वर्षी पंतप्रधान विल्यम पिट यांच्या सरकारनं केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला. हेतू युद्धाचा खर्च भागवण्याचा होता. पण टंचाईमुळे आधीच पावडर लाजिरवाणी वाटू लागली होती. अनेकांनी कर भरण्याऐवजी पावडर सोडली आणि थोड्याच वर्षांत सामान्यांच्या डोक्यावरून विगही गेला. उरला तो न्यायाधीश, वकील, पाद्री, गाडीवान अशा मोजक्या मंडळींकडे. वकिलांची कटकट हम्फ्री रेव्हन्सक्रॉफ्ट या कारागिरानं १८२२ साली कमी केली. त्यानं घोड्याच्या केसांचा असा विग काढला, ज्याला ना पावडर लागे, ना रोज कुरळे करणं.

जत्रेतला सौदा

पुरुषांचा विग मागे पडला तरी स्त्रियांच्या केशरचनेत खोट्या केसांची मागणी वाढतच गेली. हे केस यायचे कुठून? एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या जत्रांमध्ये केसांचे व्यापारी कात्री घेऊन बसत. शेतकऱ्यांच्या मुली एकामागून एक येत, टोपी काढत, केस कापून देत. मोबदला म्हणून बहुधा रंगीत रुमाल, कापडाचा तुकडा, थोडी नाणी मिळत. तिथल्या बायका डोक्यावर घट्ट टोपी घालत, त्यामुळे कापलेले केस कुणाला दिसत नसत. हे वाचताना मला आमच्या गल्लीतली हाक ऐकू आली. तिथे रुमाल होता, इथे स्टीलची वाटी.

विसाव्या शतकात हा व्यापार कारखान्यांत गेला. १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेनं कम्युनिस्ट चीनमधून येणाऱ्या केसांना बंदी घातली. त्याचा फायदा दक्षिण कोरियाला झाला आणि विग ही त्या देशाची एक प्रमुख निर्यात बनली. खेड्यांतून आलेल्या तरुण मुली सोलच्या कारखान्यांत एकेक केस जाळीवर गाठवत बसत. फॅशन उतरली तसे कारखाने बंद पडू लागले. ऑगस्ट १९७९मध्ये वायएच या विग कंपनीच्या कामगार मुलींनी कारखाना बंद करण्याच्या विरोधात विरोधी पक्षाच्या मुख्यालयात ठिय्या दिला. पोलिसांनी आत घुसून त्यांना बाहेर काढलं. त्यात किम क्यंग-सुक या तरुणीचा मृत्यू झाला. देशात असंतोष पेटला. राजकीय संकट वाढत गेलं आणि २६ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखानं हत्या केली. विगच्या इतिहासात घालणाऱ्यांची नावं पानोपानी सापडतात. बनवणाऱ्यांपैकी मला नावानिशी आठवते ती हीच एक मुलगी.

केस देणाऱ्याचा प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर आला तो २००४ साली, आणि तोही धर्माच्या वाटेनं. सनातनी ज्यू समाजात विवाहित स्त्रिया डोकं झाकतात. त्यांतल्या पुष्कळजणी त्यासाठी विग वापरतात. जेरुसलेमचे ज्येष्ठ रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांच्यासमोर प्रश्न आला की, या विगमधले बरेच केस तिरुपतीच्या मंदिरात अर्पण केलेले असतात, ते चालतील का? त्यांनी नाही म्हटलं. ब्रुकलिनमध्ये आणि इस्रायलमध्ये बायकांनी महागडे विग रस्त्यावर जाळले. तिरुपतीला मुंडण करणारा भाविक मोबदला मागत नाही. त्याच्या लेखी ते आपल्या अहंकाराचं समर्पण असतं. पुढे देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं. त्या वर्षी प्रथमच हजारो ग्राहकांना कळलं की आपल्या डोक्यावर कुणाचा तरी नवस आहे.

फिकहमध्ये काय आहे?

आता आपाचा दुसरा प्रश्न. हदीसमध्ये केसांना केस जोडणारी आणि जोडून घेणारी, दोघींचा कडक शब्दांत निषेध आहे. हजरत अस्मा बिन्ते अबू बकर यांच्या रिवायतीत तर एक आई येते. मुलीचे केस आजारानं गळालेत, लग्न झालंय, जोडून देऊ का, असं विचारते. प्रेषितांनी तिलाही परवानगी दिली नाही. ही हदीस वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपा होती. त्यामुळे ती मी सहज ओलांडून पुढे जाऊ शकलो नाही.

दुसऱ्या एका रिवायतीत अमीर मुआविया हजच्या वर्षी मदिनेत मिंबरवर उभे राहतात, हातात केसांचा झुपका घेतात आणि तुमचे उलेमा कुठे आहेत, असा सवाल करतात. म्हणजे हा रिवाज त्या काळीही लोकप्रिय होता.

पण मनाई कशाची, यावर फकिहांचे मतभेद झाले. इमाम मालिक यांनी काहीही जोडणं नाकारलं. इजिप्तचे लैस बिन साद म्हणाले, मनाई केसांची आहे, लोकर किंवा कापड जोडायला हरकत नाही. हनफी फकिहांनी माणसाचे केस नाकारले, जनावराच्या केसांना सूट दिली. आपल्याकडच्या बायकांचं गंगावन पूर्वी चवरी गाईच्या शेपटीच्या केसांचंही असे. हनफी मतानुसार ते चालण्यासारखं होतं.

माणसाचेच केस का नकोत? फसवणूक हे एक कारण सांगितलं जातं. दुसरं कारण मला 'हिदाया'त सापडलं. फरगाना खोऱ्यातल्या बुरहानुद्दीन मर्गीनानी यांचा हा ग्रंथ. ते ११९७ साली वारले. आपल्या मदरशांत तो आजही शिकवला जातो. खरेदी-विक्रीच्या प्रकरणात ते सांगतात की माणसाच्या केसांची विक्री जायज नाही, कारण माणूस सन्माननीय आहे. त्याच्या शरीराचा कुठलाही भाग वापराची क्षुल्लक वस्तू होता कामा नये. तेराव्या शतकातले शाफई विद्वान इमाम नववी यांनीही हेच कारण दिलं आणि पुढे सांगितलं की माणसाचे केस आणि नखं पुरावीत.

इथे मी थांबलो. नानीला अक्षर ओळख नव्हती. 'हिदाया'चं नावही तिनं ऐकलं नसेल. पण डाळिंबाखाली ती जे करत होती, त्यामागे हा विचार कित्येक शतकं चालत आला होता.

या 'हिदाया'चं इंग्रजी भाषांतर ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात चार्ल्स हॅमिल्टन यांनी केलं. ते लंडनमध्ये १७९१ साली छापलं गेलं. म्हणजे माणसाचे केस ही विक्रीची वस्तू नाही, असं सांगणारा ग्रंथ पावडर लावलेल्या विगांच्या त्या शहरात पावडर-कराच्या चार वर्षं आधी इंग्रजीत आला होता.

आजारी माणसाचं काय? जाहिलियतच्या काळातल्या कुलाबच्या लढाईत अर्फजा बिन असद यांचं नाक गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषाला एरवी सोनं मना असूनही. याच धाग्यावरून सौदीचे विद्वान शेख इब्न उसैमीन यांनी केस पूर्ण गेलेल्या स्त्रीला विगची मुभा दिली. हे नटणं नाही, व्यंग झाकणं आहे, असं त्यांचं म्हणणं. इतर अनेक उलेमांना हे मान्य नाही. मी मुफ्ती नाही. दोन्ही बाजू आपासमोर ठेवल्या आणि निर्णय तिच्यावर सोडला.

आपाचा निर्णय

आपानं विग ठेवला. लग्नापुरता आणि उपचार संपेपर्यंत. म्हणाली, "अल्लाह नीयत जाणतो. पण ज्या बाईचे आहेत, तिची अमानत समजून वापरीन."

मग आम्ही दोघांनी तो सांभाळायला शिकलो. केसाच्या पृष्ठभागावर मुळापासून टोकाकडे झुकलेले खवले असतात, कौलांसारखे. चांगल्या विगमध्ये सगळ्या केसांचं तोंड एकाच दिशेला असतं. म्हणून धुताना चोळायचं नाही. आधी रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून वर गुंता सोडवायचा. मग कोमट पाण्यात सौम्य शाम्पू, हात वरून खाली. कंडिशनर फक्त केसांच्या लांबीला, जाळीजवळ लावला तर गाठी सैल पडतात. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचं आणि स्टँडवर सावलीत वाळवायचं. रोज धुवायची गरज नसते, आठ-दहा वेळा वापरल्यावर पुरे. पावसाळ्यात मात्र पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात ठेवू नये, कुबट वास धरतो. आपाची टाळू नाजूक झाली होती, म्हणून आत सुती टोपी. झोपताना विग काढूनच ठेवायचा.

लग्नाच्या आदल्या रात्री आपाला टोकं थोडी वळवायची होती. गरम यंत्राची तिला भीती वाटली. भाचीनं ओल्या बटा रोलरवर गुंडाळल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. ओला केस ज्या आकारात सुकतो, तो आकार पुढचं पाणी लागेपर्यंत धरतो. १७६७ सालच्या नळकांड्यांचं तत्त्व हेच होतं, फक्त भट्टी नव्हती.

सकाळी रोलर काढून आपानं विग हलकेच विंचरला. फणीत सात-आठ केस अडकून आले. कुणा अनोळखी बाईचे. ती कुठली, कुठल्या धर्माची, तिला काय मोबदला मिळाला, की काहीच नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

आपानं ते केस बोटाभोवती गुंडाळले, छोटीशी गोळी केली आणि बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत, मातीखाली पुरून टाकली.