बॅक इन ब्लॅक

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँडचा स्टुडिओ अल्बम. प्रकाशन जुलै १९८०, निर्माता रॉबर्ट जॉन 'मट' लँग. ऑस्ट्रेलियातील गणतीने बँडचा हा सातवा अल्बम. त्यात दहा गाणी असून एकूण वेळ सुमारे ४२ मिनिटे आहे. रॉकच्या इतिहासात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. पाच महिन्यांपूर्वीच आपला गायक गमावलेल्या बँडने तो केला होता, हे लक्षात ठेवून ऐकले तर तो वेगळाच ऐकू येतो.

ग्लासगोत जन्मलेले मॅल्कम आणि अँगस हे यंग बंधू १९६३ मध्ये कुटुंबासह सिडनीला आले आणि पुढे दहा वर्षांनी त्यांनी एसी/डीसी उभा केला. 'हायवे टू हेल' (१९७९) या अल्बमने त्यांना अमेरिकेत श्रोता मिळवून दिला होता. पुढच्या अल्बमची जुळवाजुळव सुरू असतानाच १९ फेब्रुवारी १९८० रोजी गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये मित्राच्या मोटारीत मृतावस्थेत आढळला. रात्रभर झालेल्या अतिमद्यपानाने त्याचा मृत्यू झाला. तो ३३ वर्षांचा होता. बँड मोडण्याचा विचार झाला. पण स्कॉटच्या आईवडिलांनीच काम थांबवू नका असे सांगितल्याचे यंग बंधूंनी नमूद केले आहे.

नवा गायक आला इंग्लंडच्या न्यूकॅसल परिसरातून. ब्रायन जॉन्सन एके काळी 'जॉर्डी' या बँडमध्ये गात असे; १९८० मध्ये तो मोटारींना विनाइलची छपरे बसवण्याचा धंदा करत होता. विशेष म्हणजे स्कॉटने जॉन्सनचे गाणे पूर्वी ऐकले होते आणि बँडमधल्या सोबत्यांजवळ त्याची तारीफही केली होती. एप्रिलमध्ये त्याची निवड जाहीर झाली आणि थोड्याच दिवसांत सगळे बहामा बेटांवरील नॅसॉच्या कंपास पॉइंट स्टुडिओत दाखल झाले. तिथे वादळी पावसाने त्यांचे स्वागत केले. 'हेल्स बेल्स'च्या शब्दांत गडगडाट आणि विजा आल्या त्या या पावसामुळे, असे जॉन्सनने सांगितले आहे.

त्याच गाण्याच्या आरंभी घंटेचे टोल पडतात. ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या युद्धस्मारक मनोऱ्यात झाला. पण टोल पडला की मनोऱ्यातले पक्षी उडत आणि पंखांची फडफड टेपवर उतरे. शेवटी जॉन टेलर या घंटा ओतणाऱ्या कारखान्यात बँडसाठी तयार होत असलेल्या सुमारे एक टनाच्या घंटेचेच तिथल्या तिथे, फिरत्या स्टुडिओची गाडी आणून, मुद्रण करण्यात आले. पुढे मैफलींत हीच घंटा रंगमंचावर टांगली जाई आणि जॉन्सन तिच्यावर घणाचे घाव घाली. मृत मित्रासाठी वाजणाऱ्या या टोलांमागून गिटार सावकाश चढत येते. रॉकमध्ये यापेक्षा संयमी श्रद्धांजली क्वचितच सापडेल.

अल्बमचे खरे बळ मात्र रिकाम्या जागांत आहे. शीर्षकगीताचा आरंभ पाहावा: आधी गिटारच्या तारांवरची दबकी टिकटिक, मग ई, डी आणि ए हे तीन कॉर्ड, आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ विराम. गिटारवर ठेका धरणारा मॅल्कम, ढोलावर फिल रड आणि बेसवर क्लिफ विल्यम्स; तिघेही गरजेपेक्षा एक ठोकाही जास्त देत नाहीत. त्यामुळे अँगसच्या एकल गिटारला आणि जॉन्सनच्या फाटक्या, उंच पट्टीतल्या आवाजाला मोकळे मैदान मिळते. लँग आणि ध्वनिमुद्रक टोनी प्लॅट यांनी प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येईल असे राखले. हार्ड रॉक म्हणजे नुसता गोंगाट असे मानणाऱ्याने हे एक गाणे कान देऊन ऐकावे.

मुखपृष्ठ पूर्ण काळे आहे. पाश्चात्त्य रिवाजात काळा हा सुतकाचा रंग, आणि बँडला तोच हवा होता. अटलांटिक या कंपनीला ते पसंत नव्हते. बँडच्या नावाभोवती करडी कडा काढायची या अटीवर तिने होकार दिला. आत शोकगीत मात्र एकही नाही. मद्य, मौज आणि शरीरसुख हेच विषय, म्हणजे स्कॉटचेच.

ब्रिटनमध्ये अल्बम खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत तो चौथ्या क्रमांकापर्यंतच चढला, पण महिनोन् महिने यादीतून उतरला नाही. 'यू शुक मी ऑल नाइट लाँग' हे बँडचे अमेरिकेच्या पहिल्या चाळिसांत पोहोचलेले पहिले गाणे. समीक्षकांत मतभेद होते: 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात डेव्हिड फ्रिक यांनी भरभरून कौतुक केले, तर रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांना तो तितकासा भावला नाही. स्त्रियांविषयीच्या उथळ, द्व्यर्थी ओळींवरचा आक्षेप रास्त आहे. संगीताची उंची त्या ओळींना लाभलेली नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतील पालकांच्या 'पीएमआरसी' या गटाने आक्षेपार्ह ठरवलेल्या पंधरा गाण्यांत या अल्बममधले एक गाणे होते.

जगभरातला खप सुमारे पाच कोटी प्रतींचा मानला जातो. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने २०१९ मध्ये अडीच कोटी प्रतींचे प्रमाणपत्र दिले. नव्या पिढीतल्या अनेकांच्या कानी शीर्षकगीत प्रथम पडले ते 'आयर्न मॅन' (२००८) या चित्रपटाच्या सुरुवातीला.

स्मृतिभ्रंशामुळे २०१४ मध्ये मॅल्कम बँडमधून निवृत्त झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये वारला. त्याची जागा पुतण्या स्टीव्ही यंग याने घेतली. २०२० मध्ये बँडचा 'पॉवर अप' हा अल्बम आला, तेव्हा 'बॅक इन ब्लॅक' जसा बॉनसाठी होता तसा हा मॅल्कमसाठी आहे, अशा अर्थाचे अँगस बोलला.