कोणतं इंजिन? : एका खडीच्या सायकलवाटेचा इतिहास

प्रपोजल डिफेन्सच्या दिवशी कमिटीतल्या एका वयस्कर सरांनी मला दोनच शब्दांचा प्रश्न विचारला, "कोणतं इंजिन?" आणि मला उत्तर देता आलं नाही. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांनी हा फजितीचा किस्सा ऐकून ठेवावा, म्हणून लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या मध्य भागात पूर्वी मैलोन्मैल उंच गवताचे माळ होते, त्यांना प्रेअरी म्हणतात. १८३७ मध्ये जॉन डिअरने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला. त्या चिकट काळ्या मातीत तो चालला आणि काही दशकांत माळाचं शेत झालं. आज इलिनॉयमध्ये मूळ प्रेअरीचा ०.१ टक्काही उरलेला नाही. जे तुकडे उरले ते जुन्या दफनभूमीत किंवा रेल्वेच्या कडेला. कारण साधं आहे, रेल्वेने आपल्या पट्ट्याला कुंपण घातलं. आत ना नांगर शिरला, ना गुरं.

या तुकड्यांच्या मातीत निपचित पडून राहिलेलं बी, हा माझा विषय. त्यातल्या बऱ्याच रेल्वेलाइनी आता बंद पडून सायकलवाटा झाल्या आहेत, त्यामुळे माझं फिल्डवर्क सायकलवर चालतं. गाड्या नाहीत, हॉर्न नाही. चाकाखाली चुनखडीची बारीक कच, कडेला ओकचं रान, मध्येच कुरण, मग मका. सॅम्पलच्या पिशव्या मागच्या कॅरिअरला. (पावसात ही कच आधी चिकटते आणि वाळली की घट्ट बसते. डांबर नसूनही चाक रुतत नाही, ते म्हणूनच.)

प्रपोजलमध्ये मी एक वाक्य लिहिलं होतं : इंजिनाच्या ठिणग्यांनी पट्ट्याला वारंवार आग लागे, त्यामुळे झाडझुडूप माजलं नाही आणि प्रेअरी टिकली. हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलं होतं की तपासावं असं वाटलंच नाही. माझ्या साइट होत्या दोन. त्यातल्या एकीला ते लागू पडतं.

ती म्हणजे विस्कॉन्सिनमधली एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे ५१ किलोमीटरची वाट. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीने ही लाइन १८७३ मध्ये टाकली. हिमयुगातल्या बर्फाने या भागाला वळसा घातला होता, त्यामुळे डोंगर झिजून सपाट झाले नाहीत. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला चढ पेलत नाही, म्हणून तीन बोगदे खोदावे लागले. दोन साधारण अर्ध्या किलोमीटरचे, तिसरा ११६० मीटरच्या आसपास. थंडीत आत पाणी गोठून दगड फुटू नयेत म्हणून तोंडाला प्रचंड लाकडी दारं लावली होती. गाडी आली की राखणदाराने ती उघडायची, गेली की लावायची. दारं अजून आहेत. आत सायकल हातात धरून चालावं लागतं, वरून पाणी ठिबकतं. माझी टॉर्च तिसऱ्या बोगद्याच्या मधोमध गेली होती, पण तो वेगळा विषय.

इथे कित्येक दशकं वाफेची इंजिनं धावली, ठिणग्या उडणारच. १९६४ मध्ये लाइन सोडून दिली गेली, पुढच्या वर्षी राज्याने पट्टा विकत घेतला आणि १९६७ मध्ये वाट खुली केली. बंद लाइनीवरच्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या वाटांपैकी ही एक.

दुसरी साइट शिकागोच्या पश्चिमेची इलिनॉय प्रेअरी पाथ. सरांचा प्रश्न या वाटेबद्दल होता. ही लाइन १९०२ मध्ये सुरू झाली ती विजेवर! शिकागो अरोरा अँड एल्जिनची गाडी बाजूच्या तिसऱ्या रुळातून वीज घेई. धुराडं नाही, कोळसा नाही. माझ्या ठिणग्या उडणार कुठून?

त्या दिवशी घरी येऊन मी या लाइनीचा इतिहास वाचायला घेतला आणि दोन दिवस दुसरं काही केलं नाही. १९५३ मध्ये शिकागोत नवा एक्सप्रेसवे बांधताना या गाड्यांचा शहराच्या मध्यात जाणारा रस्ता तुटला. प्रवाशांना अलीकडे उतरून दुसरी गाडी पकडावी लागे. लोक गळाले, ते मोटारीकडे वळले. ३ जुलै १९५७ ला भरदुपारी कंपनीने प्रवासी सेवा बंद केली. सकाळी याच गाडीने कामाला गेलेल्यांना संध्याकाळी परतायला गाडी नव्हती! १९५९ मध्ये मालगाड्याही थांबल्या. म्हणजे आज मी जिथे मोटारी नाहीत म्हणून खूश असते, ती वाट मोकळी झाली तीच मोटारींमुळे.

रूळ उखडल्यावर पट्टा कुणाच्याही घशात गेला असता. तो वाचला याचं मोठं श्रेय मे वॉट्स यांना. मॉर्टन आर्बोरेटममध्ये त्यांनी निसर्गशिक्षिका म्हणून काम केलेलं. वनस्पतींचे समूह एकामागून एक कसे बदलत जातात हे शोधणाऱ्या हेन्री काउल्सच्या त्या विद्यार्थिनी. जमिनीकडे पाहून तिचा भूतकाळ ओळखायचा, हे त्यांचं शास्त्र. ब्रिटनमधल्या पायवाटा त्यांनी चालून पाहिल्या होत्या. ३० सप्टेंबर १९६३ च्या 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये त्यांनी वाचकांच्या पत्रात मांडलं, की हा पट्टा लोकांना चालायला ठेवा, आणि लवकर ठरवा. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. मग बैठका, स्वयंसेवक, काउंटीशी वाटाघाटी. आज ही वाट शंभरेक किलोमीटरची आहे.

सगळीकडे इतकं गोडीगुलाबीने झालं नाही. अनेक ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त वापराचा हक्क होता. गाडी बंद झाली की जमीन मूळ मालकाकडे परत. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, की पुढेमागे रेल्वे परत येईल म्हणून पट्टा राखून ठेवता येईल आणि तोवर तिथे वाट चालवता येईल. व्हरमाँटमधलं एक दांपत्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९० मध्ये कायदा वैध ठरला, पण भरपाई मागण्याचा मार्ग खुला राहिला. १९९६ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने सरकारने भरपाई द्यावी असं ठरवलं. सुरुवातीला मला ही माणसं वाटेच्या आड येणारी वाटली होती. मग आमच्या गावच्या भूसंपादनाच्या तारखा आठवल्या आणि मत बदललं.

आता माझ्या कामाचं काय झालं ते. दोन्ही साइट मी 'न बिघडलेली जमीन' म्हणून एकाच गटात टाकल्या होत्या. ते मोडावं लागलं. दोन्ही जागी नांगर नव्हता हे खरं, पण आगीचा इतिहास एक नाही, त्यामुळे त्यांची सरळ सरासरी काढता येत नाही. शिवाय वाटेवरची चुनखडी अल्कधर्मी. पावसाने ती कडेला वाहते, मातीचा पीएच चढतो. म्हणजे ज्या वाटेवरून मी सॅम्पल घ्यायला जाते, तीच माझं सॅम्पल बदलत असते. आता पहिलं सॅम्पल कडेपासून पाच मीटर आत घेते, आणि कडेचं वेगळं, तुलनेसाठी.

डेटाशीटमध्ये एक नवा रकाना आलाय : इंजिन. एलरॉयपुढे 'वाफ', प्रेअरी पाथपुढे 'वीज'. तिसरी साइट शोधतेय, अशी की जिथे वाफेची गाडी धावली पण चुनखडी अजून पडलेली नाही.