एका आईच्या पत्रातून आलेली टेप

फाटलेल्या ताडपत्रीला, तडकलेल्या बादलीला आपण जी जाड कापडी डक्ट टेप लावतो, ती एका कामगार बाईला सुचली.

साल १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात वेस्टा स्टाउट दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांची खोकी भरायच्या. खोकं उघडायची कागदी पट्टी ओढली की तुटायची. ऐन लढाईत सैनिकानं काय करायचं? वेस्टाबाईंची दोन मुलं नौदलात होती.

मजबूत कापडी टेप लावा, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. काही हललं नाही. मग त्यांनी आकृती काढून थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं. सूचना मंजूर झाली. जॉन्सन अँड जॉन्सननं टेप बनवली.

काम करणाऱ्या हाताला खोट आधी कळते. तोंडी सांगून भागलं नाही, तर लेखी द्या. आणि पोच घ्या.